घाटातली ड्युटी : इंदूर, महू, कालाकुंड

शुक्रवार, इंदूर

पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडीची शनिवारची तिकिटं मिळाली, म्हणून गुरुवारी रात्री मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी इंदूरला मामांकडे पोचले. मामा १९७१ साली महूच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मधल्या पायऱ्या त्यांना पाढ्यासारख्या पाठ आहेत: क्लीनर, सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, मालगाडीचा ड्रायव्हर, पॅसेंजरचा, मग मेलचा. पोह्यांवर जीरावन भुरभुरत मामी म्हणाल्या, "लग्नात उखाणा घ्या म्हटलं तर गप्प बसले होते. ही यादी मात्र मागितली नाही तरी मिळते."

नाश्ता झाल्यावर मामांनी माळ्यावरची लोखंडी पेटी काढायला लावली. काळी, कडेला पांढऱ्या रंगात नाव आणि 'महू' लिहिलेली. आत लाल-हिरवी झेंडी, काजळलेला हातदिवा, नियमांचं पुस्तक, कधीचं तरी वर्किंग टाइम टेबल आणि पत्र्याचा एक गोल, रिकामा डबा. या डब्यात फटाके असायचे. दिवाळीचे नव्हेत, रुळावर बांधायचे. गाडी मधेच कुठं अडकली की मागून येणाऱ्या गाडीला थोपवायला गार्डनं रुळावरून मागे चालत जायचं. मीटरगेजवर, म्हणजे इथल्या एक मीटर रुंदीच्या लोहमार्गावर, ४०० मीटरवर एक फटाका बांधायचा, ८०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतर सोडून. मागच्या इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. वाचायला सोपं आहे. घाटात, पावसात, हातातल्या दिव्याच्या उजेडात ८०० मीटर चालायचं म्हणजे काय, ते मामा बोलले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण दोनदा उघडून बंद केलं एवढंच.

ही पेटी उचलायलाही एक माणूस होता. ड्रायव्हर-गार्डच्या पेट्या इंजिनात आणि ब्रेकव्हॅनमध्ये चढवायच्या, उतरवायच्या, एवढंच काम असलेला बॉक्सबॉय. त्याच्या आधी यायचा कॉलबॉय. घरोघरी फोन नव्हते तेव्हाची ही गोष्ट. कुणाला कुठली गाडी लागली आहे ते लिहिलेलं रजिस्टर घेऊन तो सायकलवरून रेल्वे कॉलनीत फिरायचा, दार वाजवायचा आणि सही घ्यायचा. सही केली की मग "मला कळलंच नाही" म्हणायची सोय नाही. मामी म्हणाल्या, "रात्री दोनला कडी वाजली की आधी मी उठायची. सही यांची, डबा माझा." बॉयचं वय पन्नास असलं तरी तो बॉयच. मोबाइल आले आणि ही नोकरी गेली, चाकाच्या सुटकेसेस आल्या आणि पेटीही गेली.

दुपारी मामा झोपले नाहीत. फायरमनचं काम म्हणजे नुसतं कोळसा ढकलणं असं लोक समजतात, याचा त्यांना अजून राग आहे. आग पातळ आणि सपाट हवी, धिरड्यासारखी. मधे ढीग झाला की हवा खालून वर येत नाही, कोळसा अर्धाच जळतो आणि धुरांड्यातून काळा लोट निघतो. चांगल्या फायरमनचा धूर फिका राखाडी. म्हणून प्लॅटफॉर्मवर उभा असलेला इन्स्पेक्टर माणसाकडे बघायचाच नाही, धुराकडे बघायचा. मागच्या दोन कोपऱ्यांत कोळसा पोचवायला फावडं मनगटातून फिरवावं लागतं. ते दाखवायला मामा सोफ्यावरून उठले, हातात काही नसताना दरवाजा उघडला, फावडं आत नेलं, मनगट वळवलं आणि परत आले. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, पण ती हालचाल जशीच्या तशी. मग बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघायची, पाणी आत सोडणारा इंजेक्टर लावायचा, जळून दगड झालेला थर लांब सळईनं फोडायचा. एक बाजू भट्टीनं भाजलेली, दुसरी बाजू पावसानं भिजलेली.

वाफेच्या पहिल्या दिवसांत मामांसारख्या माणसाचा प्रवास फायरमनपाशीच थांबला असता. एकोणिसाव्या शतकात ड्रायव्हर विलायतेतून करारावर यायचे. पुढे ती जागा मुख्यतः अँग्लो-इंडियनांची झाली. मेल गाडीचं इंजिन आणि गार्डचा डबा या दोन जागा हिंदुस्थानी माणसाला फार उशिरा मिळाल्या. त्याला काय मिळायचं? आग. इंजिनावरच्या हिंदी कामगाराला 'आगवाला' म्हणत. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्याला तारेचं यंत्र किंवा तिकिटाची खिडकी. या तारबाबूंनीही कायम मान खाली घातली नव्हती. १८९९ साली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या सिग्नलर लोकांनी, म्हणजे तारवाल्यांनी, संप केला आणि टिळकांच्या 'केसरी'नं त्यांची बाजू घेतली. त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, हावड्याला बाराशेच्या आसपास रेल्वे मजुरांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद केलं होतं. मुंबई-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पहिल्या गाडीची तारीख आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही येते. या संपाचं नावही मी मोठी होईपर्यंत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सराफ्यात गराडू खाल्ले. त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते लिहिणारे इंदुरात घरटी एक आहेत.

शनिवार, महू आणि घाट

सकाळी लवकर मोटारीनं निघालो. वाटेत मामांनी होळकरांची गोष्ट सांगितली, प्रत्येक इंदूरकर सांगतो तशी, छाती जरा पुढे काढून. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं: मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. संस्थानिकानं सरकारला कर्ज द्यायचं, ही गोष्ट कुणालाही आवडेल. मी बोटं मोजली. १८७० आणि १०१ म्हणजे १९७१. मामा म्हणाले, "मग! कर्ज फिटल्यावरच मला कामावर घेतलं."

महूला स्टेशनचं नाव आता डॉ. आंबेडकर नगर. बाबासाहेबांचा जन्म इथलाच, १८९१ चा, वडील सैन्यात असताना. आम्ही स्मारकात जाऊन आलो. तिथे संविधान, चवदार तळं, सगळं डोळ्यांसमोर येतं. माझ्या डोक्यात मात्र मनमाड होतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं विधान त्याच भाषणातलं. विधान सगळ्यांना माहीत असतं. त्याच भाषणात रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो पंचनामा आहे तो फारसा कुणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा मजूर, म्हणून, आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला स्टेशनवरचा पोर्टरही होता येत नाही. का? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचंही काम करून घेतो, आणि सवर्ण मास्तरच्या घरात हा चालत नाही. कारखान्यातही वरच्या जागांची दारं बंद. म्हणजे इंजिनाच्या जागा वंशावरून ठरल्या आणि रुळावरच्या जातीवरून.

मामांना हे मी गाडीत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वेळेलासुद्धा गँगमध्ये कोण असायचं, ते कुणाला विचारावं लागायचं नाही. पाण्याच्या मडक्यावरून कळायचं." स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं असायचं, पाणी पाजायला पाणीपांडे असायचा, हे मी वाचलेलं होतं. ती मडकी गँगपर्यंत कशी पोचायची याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

पातालपाणी. धबधब्याला अजून बऱ्यापैकी पाणी होतं. स्टेशनाजवळ इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं, म्हणजे टंट्या मामाचं, देऊळ आहे. इंग्रजांनी त्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिली, आणि देह इथे रुळांजवळ आणून टाकला, असं सांगतात. इथून जाणारी प्रत्येक गाडी टंट्या मामाला सलामी द्यायला थांबते, आणि न थांबेल तिचं काही खरं नाही, अशी श्रद्धा. रेल्वेचं कारण वेगळं आहे: इथून पुढे घाटाचा उतार, चाळीस फुटांना एक फूट, म्हणून खाली सोडण्याआधी ब्रेकची तपासणी. मी मामांना विचारलं, "तुम्ही नक्की कशासाठी थांबायचात?" ते म्हणाले, "ब्रेक तपासायला. आणि नारळ फोडायला." यात त्यांना कसलाही विरोधाभास दिसत नव्हता, आणि विचार केल्यावर मलाही दिसला नाही.

अकराच्या सुमारास गाडी हलली. मोठ्या काचांचे डबे, मीटरगेजचं डिझेल इंजिन, डब्यात सेल्फी काढणारी इंदूरची कुटुंबं. चोरल नदीची दरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बोगदा आला की पोरं किंचाळतात; आमच्या डब्यात आजोबाही किंचाळले. मी मामांच्या सांगण्यावरून दरी सोडून रूळ बघत होते. वळणावर एक कीमन भेटला: खांद्यावर हातोडा, हातात लांब पाना, अंगात नारिंगी जाकीट. रोज ठरलेला पट्टा पायी चालायचा, रूळ जागेवर धरणारी चावी सैल झाली असेल तिथे ती ठोकून बसवायची, रुळाला तडा दिसला की गाडी थांबवायची. गाडी जाईपर्यंत तो कडेला अंग चोरून उभा राहिला. डब्यातून एकानं त्याला हात केला, त्यानं मान हलवली आणि लगेच खाली बघायला लागला.

पावसाळ्यात याच्या जोडीला रात्रीचा पेट्रोलमन. अंगावर कांबळं किंवा रेनकोट, हातात दिवा, कमरेला फटाक्यांचा डबा. आपल्या हद्दीच्या टोकाला पोचायचं, पलीकडून आलेल्या पेट्रोलमनला भेटायचं, मगच परत फिरायचं. ही भेट झाली म्हणजे मधला रस्ता धड आहे. आता त्यांच्याकडे जीपीएसचं यंत्र असतं. दरड मात्र यंत्राला कळत नाही, ती बघायला माणूसच लागतो. गँगमनचं नाव आधी ट्रॅकमन झालं, मग ट्रॅक मेंटेनर. चालणं तेवढंच राहिलं.

बोगद्यांमधून जाताना पुण्याच्या माणसाला बोरघाट आठवणारच. १८५६ ते १८६३ या काळात तो बांधला, आणि १८६१ च्या सुरुवातीला तिथे एका वेळी ४२,००० माणसं राबत होती. माती-दगडाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका आणि पोरं धरून, कारण मजूर कुटुंबासकट येत. पटकीनं माणसं पटापटा जात होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुढे चालवून पुरं केलं. तिचं नाव इतिहासात आहे, हे चांगलंच. त्या ४२,००० मधलं एकही नाव मी कुठे वाचलेलं नाही. इथल्या घाटाची कथा काही वेगळी नसणार. होळकरांच्या कर्जाचा टक्का आपल्याला तोंडपाठ आहे, हे बोगदे कुणी फोडले ते नाही.

कालाकुंड. इथेच खरं थांबावं. खांडव्याकडून येणाऱ्या गाडीला चढ चढायला एकट्या इंजिनाचा दम पुरायचा नाही, म्हणून कालाकुंडला मागून ढकलायला आणखी एक इंजिन लागायचं, बँकर. मामांनी बँकरवर बरीच वर्षं काढली. पुढच्या ड्रायव्हरला बँकरवाला दिसत नाही, मधे सगळी गाडी. बोलायचं शिट्टीतून. पुढून शिट्टी, मागून शिट्टीचं उत्तर, मग दोघांनी एकदम जोर लावायचा. मागच्यानं घाई केली तर डबे एकमेकांवर चढतात, कुचराई केली तर पुढच्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. "बोगद्यात बँकरचा फायरमन म्हणजे," मामा म्हणाले, "पुढच्या इंजिनाचा धूर आधीच आत भरलेला, त्यात आपला. ओलं फडकं तोंडाला आणि खाली वाकून बसायचं." हे ते स्टेशनच्या बाकावर बसून, हातात द्रोण घेऊन सांगत होते.

द्रोणात कलाकंद. कालाकुंडचा कलाकंद पळसाच्या पानात मिळतो, अजूनही. बँकर जोडायला वेळ लागायचा, त्यामुळे गाडी थांबायची. गाडी थांबायची म्हणून कलाकंद खपायचा. आसपास दूध मुबलक, गिऱ्हाईक खिडकीत बसलेलं, हातात पाच-दहा मिनिटं. विक्रेता रेल्वेच्या पगारपत्रकावर कधीच नव्हता, पण त्याचं पोट बँकरच्या कपलिंगला जोडलेलं. जयपूरपासून काचीगुड्यापर्यंत जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस इथूनच जायची, दिवसाच्या पॅसेंजर वेगळ्या. २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद लोहमार्गाच्या, कामासाठी मीटरगेजच्या नेहमीच्या गाड्या बंद झाल्या. कलाकंद देणाऱ्या बाईंना मी विचारलं, आता कसं चालतं? त्या हिंदीत म्हणाल्या की शनिवार-रविवारी गाडी आली तर चालतं, आणि त्या लोकांना फोटो आधी हवा असतो, मिठाई नंतर. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि आणखी दोन द्रोण घेतले.

२०१८ च्या नाताळात ही हेरिटेज गाडी सुरू झाली, ते चांगलं झालं. नाहीतर हा घाट गेलाच होता, कारण नवा ब्रॉडगेज मार्ग वेगळ्या वाटेनं काढला आहे. पण गाडीत सांगतात ते धबधब्याची उंची आणि बोगद्यांची संख्या. डबा जपला, पूल जपला. बँकर म्हणजे काय हे आमच्या डब्यात मामांशिवाय कुणी सांगितलं नाही. परतताना त्यांच्याभोवती सात-आठ लोकांचा घोळका होता आणि त्यांनी सोफ्यावरचा फावड्याचा प्रयोग पुन्हा केला, या वेळी धावत्या गाडीत. टाळ्या पडल्या. रेल्वेनं निवृत्त ड्रायव्हरांना महिन्यातून दोन फेऱ्यांना चहापाण्यावर बोलावलं तरी पुरे.

रविवार, मोरटक्का

आज मामी बरोबर. नर्मदेवरचा पूल बघायचा आणि ओंकारेश्वर करायचं. पूल १८७६ चा, खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते उघडलेला. ओंकारेश्वराला गर्दी होती, दर्शन झालं, विषय संपला.

मामींचे वडील याच लाइनवर बडवाहजवळ गेटमन होते. बंद पडलेले रूळ ओलांडून आमची मोटार गेली तेव्हा मामींनी थांबायला सांगितलं. गेटची खोली पडकी, आत बाभूळ. त्यांचं बालपण इथलं. गेटमनची ड्युटी बारा तासांची, कारण रेल्वेच्या भाषेत हे 'इंटरमिटंट' काम: गाडी येते तेव्हा काम, मधे रिकामा. १९३१ च्या नियमांत सतत काम करणाऱ्याला आठवड्याला ६० तास होते, आणि या अधूनमधून काम करणाऱ्याला ८४. ८४ म्हणजे रोज बारा, आठवड्याचे सातही दिवस. इंजिनावरची माणसं तर या नियमांत धरलेलीच नव्हती. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्यानं हे बदललं: जिथे क्षणाची उसंत नाही अशा कामाला ४५ तास, सततच्या कामाला ५४, अधूनमधूनच्या कामाला ७५. रेल्वे कामगारांच्या जुन्या पिढीत हे नाव अजून निघतं. पण मूळ भांडण तेच राहिलं: वाट बघणं हे काम की नाही? मामींचा प्रश्न जास्त रोखठोक होता. "गाडी नसताना गेट सोडून बाजारात गेलं तर चालायचं का? नाही ना? मग ते रिकामं कसं?"

मामा हसून म्हणाले, "तुझी ड्युटी कुठल्या वर्गात बसते?"

"माझी त्या पुस्तकातच नाही," मामी म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

याच तासांवरून पुढे मोठं रण माजलं. ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिनावरच्या लोकांनी दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं; ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला गेला. हजारोंना अटक, कितीतरी कुटुंबांना क्वार्टर सोडायला सांगितलं. बडतर्फ झालेले १९७७ नंतर परत घेतले गेले. मामा तेव्हा फायरमन. त्या वीस दिवसांबद्दल ते एवढंच म्हणाले: "शेडमध्ये इंजिनं गार पडली होती. गार इंजिन मी तोवर पाहिलंच नव्हतं."

परतीच्या वाटेवर नव्या ब्रॉडगेजचं काम दिसलं: बोगद्याची तोंडं, डंपर, पिवळी हेल्मेटं. चहाच्या टपरीवर तिथली दोन पोरं भेटली, दोघंही परप्रांतातली, दोघंही कंत्राटाची. बोगदा पुरा झाला की पुढच्या साइटवर. मामांनी त्यांना पगार विचारला, त्यांनी सांगितला, मामांनी चहाचे पैसे दिले.

सोमवार, इंदूर स्टेशन

परतीची गाडी संध्याकाळी. मामांना गुडघे त्रास देत होते, म्हणून बॅगेसाठी हमाल केला. लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. हा बिल्ला बापाकडून आलेला. २००८ मध्ये लालूप्रसादांच्या रेल्वे बजेटमध्ये हमालांना गँगमन करून घ्यायचं ठरलं, तेव्हा याचा धाकटा भाऊ गेला, हा राहिला.

"तुम्ही का नाही गेलात?" मामांनी विचारलं.

"वजन जास्त, दम लागायचा," तो म्हणाला. भावाला आता पक्का पगार, पास, दवाखाना. पण पावसाळ्यात रात्रभर रुळावर, आणि पेन्शन जुनी नाही, नवीवाली. याला काहीच नाही, आणि बॅगांना चाकं लागल्यापासून तर दिवसाला चार गिऱ्हाइकं मिळाली तरी खूप. कोण बरा, हे मी विचारलं नाही, मामांनी विचारलं.

"भाऊ," तो म्हणाला. जरा थांबून त्यानं जोडलं, "पण तो म्हणतो मी."

मामांनी त्याला ठरल्यापेक्षा पन्नास जास्त दिले. तो घेईना. मग मामांनी बिल्ल्याचा नंबर विचारला, आपण महू शेडचे आहोत हे सांगितलं, आणि दोघं कुठल्यातरी जुन्या स्टेशनमास्तरांच्या चिकटपणाबद्दल बोलत प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे निघून गेले. अवंतिका लागली तेव्हा बॅग मीच चढवली.